पत्र्याचा चिलखती हात: घडवण्याची सुरुवात कोपरापासून

एका तरुण नाट्यकर्मीने विचारले आहे की, एका काल्पनिक योद्ध्याच्या भूमिकेसाठी खांद्यापासून बोटांपर्यंतचा, अंगावर चढवता येईल असा चिलखती हात त्याला घरीच पत्र्यातून घडवायचा आहे. त्याच्याकडे ड्रिल मशीन, लहान ग्राइंडर, दोन-तीन हातोड्या आणि मागच्या अंगणाची जागा आहे, वेल्डिंगची सोय नाही आणि प्रयोगाला दोन महिने आहेत. पत्रा कोणता घ्यावा, काम कुठून सुरू करावे आणि तयार झालेला हात खरोखर वाकेल का, असे त्याचे तीन प्रश्न आहेत. मी गेली 22 वर्षे नाटकांसाठी आणि मिरवणुकांसाठी पत्र्याची चिलखते घडवत आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात.

हात वाकेल, परंतु कोपर आधी घडवले तरच. नवखा कारागीर जवळपास नेहमी मनगट ते कोपर या भागापासून सुरुवात करतो, कारण तो भाग म्हणजे एक निमुळती नळी असते आणि ती वळवणे सोपे असते. त्यानंतर तो दंडाची नळी करतो आणि दोन नळ्यांच्या मध्ये जेवढी जागा उरली असेल तेवढ्यात कोपर बसवू पाहतो. मीही सुरुवातीला असेच करत असे. एका नाटकाच्या रंगीत तालमीत माझ्या हातचे चिलखत घातलेल्या नटाने पाण्याचा पेला तोंडाकडे नेला, तेव्हा दोन पत्र्यांच्या मध्ये त्याच्या कोपराच्या आतली कातडी चिमटली आणि हात ना पूर्ण वाकेना ना सरळ होईना. शेवटी पट्टे कापून तो हात उतरवावा लागला. चूक माझ्या हातोडीची नव्हती, चूक क्रमाची होती, आणि तेव्हापासून मी कोपर पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही भागाचा पत्रा कापत नाही.

हात सरळ ठेवून दंडाच्या मध्यापासून कोपरावरून मनगट-कोपर यांच्या मध्यापर्यंत बाहेरच्या बाजूने टेप लावावी, मग हात पूर्ण वाकवून तेच अंतर पुन्हा मोजावे. प्रौढ माणसाच्या हातात हा फरक सहज तीन-चार बोटांचा भरतो. बाहेरची बाजू लांबते आणि आतली बाजू तेवढ्याच प्रमाणात आक्रसून घडीत जाते, परंतु पत्र्याला लांबणेही जमत नाही आणि आक्रसणेही जमत नाही. त्यामुळे बाहेरच्या बाजूला एकमेकांवरून सरकणाऱ्या पट्ट्या द्याव्या लागतात आणि आतल्या बाजूला पत्रा सोडून द्यावा लागतो. आतली बाजूही पत्र्यानेच झाकता येते, हे इंग्लंडच्या कारागिरांनी दाखवून दिले आहे. आठव्या हेन्रीसाठी 1520 मध्ये ग्रीनिच येथे घडवलेले, पायी लढण्याच्या स्पर्धेसाठीचे चिलखत आज लीड्सच्या संग्रहालयात आहे, आणि त्यात कोपराच्या आतल्या खोलगट भागातही अरुंद पट्ट्या एकावर एक सरकत्या बसवलेल्या आहेत. ते संपूर्ण चिलखत 40 किलोंहून अधिक वजनाचे आहे आणि ते राजाच्या कार्यशाळेत घडले होते. घरच्या कामात तो मार्ग धरू नये.

आपल्याकडच्या कारागिरांनी हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला होता. आपल्या जुन्या चिलखतांत मनगटापासून कोपरापर्यंत पोलादी दस्ताना असे आणि कोपर व दंड यांच्यावर गुंफलेल्या कड्यांची बाही येई, म्हणजे जिथे हात वाकतो तिथे पत्रा ठेवलेलाच नसे. दांडपट्ट्याचा खोबळाही हाताची पकड आणि मनगट आत घेऊन कोपराच्या अलीकडेच थांबतो. आपली भूमिका मराठेशाहीतील असती, तर मी फक्त दस्ताना घडवून वर कड्यांची बाही शिवण्याचा सल्ला दिला असता. काल्पनिक योद्ध्याला मात्र पूर्ण हात चालतो, म्हणून पुढचे विवेचन त्याचेच करतो.

पहिले दोन आठवडे पत्र्याला हात लावू नये. मिठाईच्या खोक्याचा किंवा नव्या सदऱ्याच्या घडीत येतो तसा जाड कागदी पुठ्ठा, कात्री, चिकटपट्टी आणि शालेय पुठ्ठ्याच्या घड्याळात काटे बसवायला वापरतात त्या दोन पाकळ्यांच्या पितळी पिना एवढ्यावर काम होते. माप उघड्या हातावर कधीच घेऊ नये. चिलखताच्या आत जी रुईभरली किंवा दुपदरी सुती बाही घालायची आहे ती आधी शिवून घ्यावी आणि ती घालूनच मापे घ्यावीत, तीही दंड फुगवून आणि मूठ घट्ट आवळून, कारण त्या वेळी स्नायू सर्वांत जाड असतात. त्या मापात आणखी अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळीक ठेवावी.

मग कोपराचा आस शोधावा. हात अर्धा वाकवून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि मधल्या बोटाने कोपराच्या दोन्ही बाजूंची हाडांची टोके चाचपावीत. ही दोन टोके जोडणारी रेषा म्हणजे बिजागरीची दांडी समजावी, आणि कोपराच्या वाटीचे (कोपर झाकणाऱ्या खोलगट पत्र्याचे) मुख्य रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे डोक्याचे खिळे, याच रेषेवर यायला हवेत. ते बोटभर वर किंवा खाली गेले, तर वाटी हात वाकताना कोपरावरून घसरते आणि पत्र्याची कड दंडात रुतते. वाटीच्या वर एक आणि खाली एक अशा दोन अर्धचंद्राकृती पट्ट्या पुठ्ठ्यात कापून पितळी पिनांनी जोडाव्यात आणि बाहीवर बांधून हात वाकवून पाहावा. जिथे पुठ्ठा मुडपतो तिथे पत्रा अडणार, आणि जिथे हात वाकवल्यावर दोन तुकड्यांमध्ये फट दिसते तिथे पट्टी रुंद करावी लागणार, हे नक्की समजावे. माझा पुठ्ठ्याचा नमुना साधारण चौथ्या किंवा पाचव्या खेपेस जमतो. ज्याला पहिल्याच खेपेस जमला असे वाटते, त्याने खुर्चीवर बसून, कपाळाला हात लावून आणि पाठीमागे हात नेऊन पुन्हा तपासावा.

मनगट ते कोपर या भागाबाबत एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. तळहात वर करून नंतर खाली फिरवला, तर कोपराजवळचा भाग जवळपास जागच्या जागी राहतो आणि मनगटाकडचा भाग अर्धे वळण घेतो, कारण आतली दोन हाडे एकमेकांवरून ओलांडली जातात. म्हणून ही नळी मनगटाशी गोल न करता चपटी अंडाकृती करावी आणि कोपराकडच्या टोकाला सैल ठेवावी. तिची आतल्या बाजूची वरची कड चंद्रकोरीसारखी खोलगट कापावी. हात पूर्ण वाकवल्यावर या कडेत आणि दंडाच्या पत्र्याच्या खालच्या कडेत तीन बोटे सहज मावली पाहिजेत. त्या नटाची कातडी चिमटली होती ती नेमकी इथेच.

आता पत्र्याविषयी. माझी शिफारस मऊ पोलादाचा सीआर (थंड अवस्थेत लाटलेला) पत्रा, 20 गेज, म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर जाडीचा. कोपराच्या वाटीसाठी मात्र 18 गेज, म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटर घ्यावा, कारण ठोकून खोलगट करताना पत्रा पातळ होत जातो. खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हाताला अंदाजे पाव चौरस मीटर पत्रा लागतो. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन 7.85 किलो असते, त्या हिशेबाने 20 गेजचा हात पावणेदोन किलोंच्या आसपास भरतो आणि त्यावर पट्टे, बकला व अस्तर यांचे वजन वेगळे. नटाला दोन अंक तो घालून वावरायचे असेल आणि हे वजन जड वाटत असेल, तर 1.2 मिलिमीटरचे मऊ ॲल्युमिनियम घ्यावे, त्यात हाच हात किलोच्या आत बसतो. स्टेनलेस स्टील दिसायला देखणे असले, तरी हातोडीखाली ते फार लवकर ताठर होते आणि त्यात भोके पाडताना साध्या ड्रिलची बिटे एकामागून एक बोथट होतात, त्यामुळे पहिल्या कामाला ते नको.

दोन गोष्टींबाबत मी ठामपणे नाही म्हणतो. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा थंड अवस्थेत वापरता येतो, पण तो कधीही तापवू नये. जस्ताचा धूर छातीत गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते आणि माणूस दिवसभर अंथरुणाला खिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे भंगारातले जुने पिंप. पत्रा फुकट मिळतो म्हणून अनेकजण पिंप ग्राइंडरने कापायला घेतात, परंतु रिकाम्या दिसणाऱ्या पिंपातही तेलाची किंवा द्रावकाची वाफ कोंडलेली असते आणि ठिणगी पडताच ते फुटते. कृपया पत्र्याच्या दुकानातून लहान तुकडा विकत आणावा, तो महाग पडत नाही.

पुठ्ठ्याचा नमुना पत्र्यावर ठेवून टोच्याने रेषा ओढावी आणि कात्रीने कापावे. ग्राइंडर फक्त तिथेच घ्यावा जिथे कात्री पोचत नाही, आणि त्याचे लोखंडी आवरण काढून टाकू नये. कापलेली प्रत्येक कड ठोकायला घेण्याआधी कानशीने घासून बर, म्हणजे कडेला उरलेले धारदार काटे, काढावी. कापताना हातमोजे जरूर असावेत, परंतु ड्रिल मशीन किंवा तारेचा फिरता ब्रश चालवताना ते काढून ठेवावेत, कारण मोज्याचा सुटा धागा जरी त्यात अडकला, तरी बोट आत ओढले जाते. चष्मा आणि कानांत बोळे मात्र पूर्ण वेळ असावेत. माझा डावा कान आज जेवढे ऐकतो त्याहून अधिक ऐकू शकला असता.

कोपराची वाटी हे या कामातले खरे कारागिरीचे ठिकाण आहे. बाभळीचा किंवा चिंचेचा ओंडका उभा ठेवून त्याच्या माथ्यावर पटाशीने चार-पाच इंच रुंद आणि इंचभर खोल खळगा कोरावा. पत्र्याचा तुकडा त्या खळग्यावर धरून गोल तोंडाच्या हातोडीने कडेपासून सुरुवात करावी आणि घाव एकमेकांना लागून, गोल गोल फिरत मध्याकडे न्यावेत. जोराने मारलेल्या पाच घावांपेक्षा हलक्या हाताने मारलेले पन्नास घाव चांगले. तीन-चार फेऱ्यांनंतर कडेला पापडासारख्या सुरकुत्या उठू लागतात. त्या लहान असतानाच लाकडी हातोड्याने दाबून बसवाव्यात. सुरकुती एकदा स्वतःवर दुमडली की तिथे पत्रा हमखास चिरतो आणि तो तुकडा टाकून द्यावा लागतो.

ठोकता ठोकता पत्रा ताठर होतो, घाव उसळू लागतात आणि आवाज चढतो. सीआर पत्र्याची उथळ वाटी बहुधा तापवल्याशिवायच होते. अधिक खोल वाटी हवी असेल, तर तुकडा अंगणातल्या कोळशाच्या शेगडीत सावलीत चेरीसारखा लाल दिसेपर्यंत तापवावा आणि राखेत पुरून रात्रभर हळूहळू थंड होऊ द्यावा. ॲल्युमिनियम लाल होत नाही, लाल होण्याआधीच ते वितळते. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे: पत्र्यावर अंगाच्या साबणाने रेघ ओढावी आणि मागून ज्योत फिरवावी. रेघ काळपट तपकिरी झाली की लगेच ज्योत बाजूला घ्यावी, तेवढ्यात तो मऊ झालेला असतो.

वाटीला आकार आला की तिचे पोचे काढायचे असतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत भांड्यांना मठार देतात, म्हणजे हलके घाव लागोपाठ मारून पृष्ठभाग एकसारखा करतात, ते काम मी तिथे बसून शिकलो आणि चिलखताला तेच लागू पडते. वाटी आतून एखाद्या गोल लोखंडी ठोकळ्यावर टेकवायची आणि बाहेरून सपाट, चकचकीत तोंडाच्या हातोडीने हलके घाव द्यायचे. गोळाफेकीचा भरीव लोखंडी गोळा लाकडात अर्धा बसवला, तर उत्तम ठोकळा होतो, मात्र आत शिसे भरलेला गोळा घेऊ नये. इथे डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात. पत्रा ठोकळ्याला नेमका टेकलेला असेल, तर घावाचा आवाज टणत्कारासारखा स्वच्छ येतो, आणि मधे पोकळी असेल, तर आवाज थप असा मंद येतो व तिथे नवा पोचा पडतो. तांबट गप्पा मारत असतानाही आवाज बदलला की हात थांबवतो, हे मी रोज पाहत आलो आहे. मठारलेला पत्रा नुसता सुंदरच दिसतो असे नाही, तर घावांमुळे तो कडक होतो आणि म्हणून 20 गेजचा पातळ पत्राही आपला आकार धरून राहतो.

हाताच्या नळ्या करायला फारसे काही लागत नाही. जाड पाइपावर पत्रा हातानेच दाबत वळवावा आणि शेवटी लाकडी हातोड्याने नीट करावा. प्रत्येक कड मात्र दुमडली पाहिजे, शक्य असेल तर घंगाळाच्या काठात असते तशी आत तार घेऊन. त्यामुळे कड शरीराला कापत नाही आणि संपूर्ण तुकडा ताठ होतो. खांद्याच्या गोल टोपीवर मी अधिक लिहीत नाही, ती वाटीच्याच रीतीने होते आणि खाली दोन पट्ट्या चामड्यावर लोंबत्या ठेवल्या की काम भागते.

जोडणीसाठी पॉप रिव्हेट वापरू नयेत. ते पोकळ आणि बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, आणि फिरत्या सांध्यात थोड्याच दिवसांत झिजून गळून पडतात. 3 ते 4 मिलिमीटर जाडीचे भरीव लोखंडी किंवा तांब्याचे रिव्हेट घ्यावेत. भोकातून बाहेर आलेला भाग रिव्हेटच्या जाडीएवढा ठेवून बाकीचा कापावा आणि लहान हातोडीने कडेकडेने ठोकत त्याचे डोके पसरावे. फिरत्या सांध्यात रिव्हेट आवळला की सांधा जागीच अडकतो. त्यासाठी ठोकण्यापूर्वी दोन पत्र्यांच्या मध्ये लग्नपत्रिकेच्या कागदाचा तुकडा ठेवावा, रिव्हेट पूर्ण बसवावा आणि मग कागद भिजवून ओढून काढावा. तेवढी फट सांध्याला पुरते. ज्या पट्ट्यांना फिरण्याबरोबर सरकावेही लागते त्यांच्या एका पत्र्यात भोकाऐवजी दीड-दोन सेंटिमीटर लांबीची खाच ठेवावी आणि रिव्हेटच्या मागे वॉशर घालावा. आतल्या बाजूने सर्व पट्ट्यांना जोडणारी एक चामड्याची पट्टी मधोमध रिव्हेटने बसवावी. त्यामुळे पट्ट्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे उघडत नाहीत.

आपण बोटांचाही उल्लेख केला आहे. एका बोटाला तीन-तीन लहान खवले म्हटले, तरी अंगठ्यासह ही संख्या चौदा-पंधरावर जाते आणि प्रत्येकाला वेगळा सांधा लागतो. पहिल्या हातासाठी मी असे करू देणार नाही. जाड चामड्याचा हातमोजा घ्यावा, हाताच्या पाठीवर एकच वळवलेला पत्रा बसवावा आणि बोटांच्या वरच्या बाजूला पत्र्याचे लहान तुकडे थेट चामड्यावर रिव्हेट करावेत. तळहात पूर्ण मोकळा ठेवावा, म्हणजे नटाला तलवारीची मूठ, पडद्याची दोरी आणि सहकाऱ्याचा हात हे तिन्ही नीट धरता येतील.

हे सारे वजन मनगटावर किंवा दंडावर आवळलेल्या पट्ट्यांनी पेलू नये, तसे केले तर दहा मिनिटांत बोटांना मुंग्या येतात. सुती बाहीच्या खांद्यावर जाड पट्टी शिवावी आणि दंडाचा पत्रा तिला नाड्यांनी टांगावा. कोपर दंडाला टांगलेले आणि पुढचा हात कोपराला, असा सगळा भार खांद्यावर जातो. पट्टे फक्त हात जागेवर ठेवण्यापुरते असावेत आणि त्यांची बकले अशा बाजूला यावीत की नटाला स्वतःच्या दुसऱ्या हाताने, अंधारात, मदतीशिवाय सोडता येतील. हे मी प्रत्येक नटाकडून डोळे मिटून करून घेतो.

या हातावर खरा वार झेलायचा नाही, लाठीचाही नाही. पातळ पत्रा वारात फुटणार नाही, पण कोपराच्या पट्टीला एक पोचा पडला तरी सांधा अडकतो आणि हात आतच राहतो. हाताला धारदार पाते जोडण्याचा मोहही टाळावा, कारण तेव्हा ते वेशभूषेचे साहित्य राहत नाही आणि प्रश्न शस्त्र कायद्यापर्यंत जातो.

दोन महिन्यांचा हिशेब मी असा मांडेन: दोन आठवडे पुठ्ठा, दोन आठवडे फक्त कोपर, दोन आठवडे बाकीचे सर्व भाग, आणि उरलेले दोन आठवडे तालमीत घालून सुधारणा करण्यासाठी. हा शेवटचा काळ कुणी कापू नये, कारण कुठली कड कुठे लागते हे नट संवाद म्हणत फिरू लागतो तेव्हाच कळते. प्रत्येक प्रयोगानंतर हात कोरड्या फडक्याने पुसावा, प्रत्येक फिरत्या रिव्हेटवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि घामाने भिजलेली सुती बाही वेगळी वाळत घालावी, अन्यथा पावसाळ्यात एका रात्रीत चामड्याला बुरशी येते आणि दुमडलेल्या कडांच्या आत गंज धरतो.